धातूची झडप आणि एमआरआय

तुमच्या आईंना कंबरेचा एमआरआय सांगितलाय आणि हृदयात बसवलेली धातूची झडप मशीनचं चुंबक ओढून घेईल म्हणून घरातले सगळे घाबरलेत. भीती साहजिक आहे, पण आजच्या झडपांत टायटॅनियम, कोबाल्ट-क्रोमियम, पायरोलिटिक कार्बन असे पदार्थ असतात. त्या लोखंडासारख्या ओढल्या जात नाहीत. १.५ किंवा ३ टेस्लाच्या (टेस्ला म्हणजे चुंबकाच्या ताकदीचं माप) मशीनपेक्षा जास्त जोर धडधडणारं हृदयच दर ठोक्याला झडपेवर लावत असतं.

माझ्या बाबांना चित्रा झडप बसवलीय, तिरुवनंतपुरमच्या संस्थेने घडवलेली. १९९० पासून ती माणसांत वापरतात. एमआरआयच्या वेळी तंत्रज्ञाने पहिल्यांदा मागितलं ते झडपेचं कार्ड. बाबांच्या पाकिटात ते रेशनकार्डाच्या झेरॉक्समागे दुमडलेलं निघालं, मॉडेल नंबर जेमतेम वाचता आला. तेव्हा आईंचं कार्ड आजच शोधा. नसेल तर ऑपरेशन झालं तिथून डिस्चार्ज पेपर मागून घ्या.

पेसमेकर, म्हणजे हृदयाचे ठोके सांभाळणारं यंत्र, मात्र वेगळी गोष्ट आहे. तो असेल तर आधीच सांगा, त्याची तपासणी आणि सेटिंग करावं लागतं. आणि कृपा करून एमआरआयसाठी वॉरफरिन किंवा अ‍ॅसिट्रोम ही रक्त पातळ ठेवणारी औषधं परस्पर बंद करू नका. झडपेवर गुठळी होण्याचा धोका खरा आहे.