अमेरिकेतलं एनटीएससी आणि इथलं पॅल फुटेज एकाच व्हिडिओत: टाइमलाइन २५ ची की २९.९७ ची?

कॅसेटमाळ:
लग्नाच्या पन्नासाव्या वाढदिवसासाठी तासाभराचा व्हिडिओ जोडायचा आहे. साताऱ्याची मुंज आणि दोन लग्नं पॅल (इथली व्हिडिओ पद्धत, सेकंदाला २५ फ्रेम) व्हीएचएसवर आहेत, तेच जास्त. न्यू जर्सीतलं सगळं एनटीएससी (अमेरिकेतली पद्धत, सेकंदाला २९.९७ फ्रेम) हाय-८ आणि मिनी डीव्हीवर. शिवाय तिकडचाच कॅमेरा इथे आणून मंगल कार्यालयात केलेलं एक शूटिंग आहे, त्यात उजेड सतत लुकलुकतो. २५ च्या टाइमलाइनवर एनटीएससी क्लिप टाकली की कॅमेरा फिरताना गचके बसतात आणि हलणारे हात दुहेरी दिसतात. शेवटची फाइल पेनड्राइव्हवर, पुण्यात आणि न्यू जर्सीत दोन्हीकडे बघायची आहे. डीव्हीडी नको आहे.

समविषमफील्ड:
२५ ही नको, २९.९७ ही नको. ही दोन्ही फुटेज इंटरलेस्ड आहेत, म्हणजे प्रत्येक फ्रेम दोन फील्डांची: एकात विषम ओळी, दुसऱ्यात सम. पॅलमध्ये सेकंदाला ५० फील्ड आणि एनटीएससीत ५९.९४, आणि प्रत्येक फील्ड वेगळ्या क्षणाचं. २५ वर आणताना सॉफ्टवेअर दोन क्षण एकमेकांत कालवतं, म्हणून हात दुहेरी दिसतात.

आधी प्रत्येक क्लिप डिइंटरलेस करा (फील्ड सुटी करून पूर्ण चित्रं बनवा), पण फील्डमागे एक पूर्ण फ्रेम अशा पद्धतीने: पॅलचं ५० प्रोग्रेसिव्ह (पूर्ण फ्रेमचं), एनटीएससीचं ५९.९४ प्रोग्रेसिव्ह. एव्हिसिंथ (स्क्रिप्ट लिहून चालवायचं व्हिडिओ सॉफ्टवेअर) वापरता येत असेल तर त्यातलं क्यूटीजीएमसी, नाहीतर एफएफएमपेग या सॉफ्टवेअरमधला बीडब्ल्यूडिफ फिल्टर. फील्डचा क्रम सांगावा लागतो. डीव्हीत तो दोन्ही पद्धतींत खालचं फील्ड आधी असा असतो, ॲनालॉग कॅप्चरमध्ये (कॅसेट संगणकात उतरवताना) कॅप्चर कार्डागणिक बदलतो. क्रम चुकला की हलणारी माणसं पुढे-मागे-पुढे अशी थरथरतात. एकेक फ्रेम सरकवून बघितलं की लगेच कळतं.

आकार बदलायचा तो यानंतरच. इंटरलेस्ड चित्र ४८० ओळींवरून ५७६ किंवा १०८० वर नेलं की दोन क्षणांच्या ओळी एकमेकींत मिसळतात आणि पुढे कोणत्याही फिल्टरने त्या सुट्या होत नाहीत. ७२० रुंदीतले दोन्ही बाजूंचे ८-८ पिक्सेल कापा आणि उरलेलं चित्र १४४० बाय १०८० करून १९२० च्या चौकटीत मधोमध ठेवा. ४८० आणि ५७६ चा प्रश्न तिथेच संपतो. या टप्प्यावर रंगाचं मॅट्रिक्स (रंग आकड्यांत मांडायचा नियम) जुन्या व्हिडिओच्या ६०१ वरून एचडीच्या ७०९ वर न्यायला विसरू नका, नाहीतर लाल कुंकू शेंदरी दिसतं.

जास्त माल पॅल आहे, तेव्हा मी टाइमलाइन ५० ची धरेन.

उलटाफीत:
डिइंटरलेसबद्दल पूर्ण सहमत, पण ५० बद्दल नाही. अमेरिकेत विकले जाणारे बरेच टीव्ही एचडीएमआयवरून ५० हर्ट्झ घेत नाहीत. मग टीव्हीला जोडलेला प्लेअर बॉक्स ५० चं ६० करायला दर पाचवी फ्रेम दोनदा दाखवतो आणि गचके परत येतात. भारतातले टीव्ही ५० आणि ६० दोन्ही घेतात, मोबाइल आणि लॅपटॉपचे पडदे बहुतेक ६० चेच असतात. बघणारे दोन्हीकडे असतील तर टाइमलाइन ५९.९४ ची ठेवा.

म्हणजे पॅल क्लिपा ५० वरून ५९.९४ वर न्याव्या लागतील. एव्हिसिंथच्या एमव्हीटूल्स प्लगिनमधलं एमफ्लोएफपीएस हे फंक्शन मधल्या फ्रेम हालचालीच्या अंदाजाने तयार करतं. संथ दृश्यांत ते फार सुंदर चालतं. फसतं ते अक्षता पडताना आणि फ्लॅश उडताना: दाणे वितळल्यासारखे होतात, चेहऱ्याची कड वाकते. तेवढे काही सेकंद वेगळे कापून साधं फ्रेम ब्लेंडिंग (शेजारच्या फ्रेम एकमेकींत मिसळणं) लावा. किंचित सावली दिसेल, पण चेहरे शाबूत राहतील.

आवाजाला हात लावायचा नाही, लांबी बदलतच नाही. तासाची एनटीएससी क्लिप ७२ मिनिटांची झाली, तर सॉफ्टवेअरने रूपांतर न करता २९.९७ लाच २५ समजून घेतलं आहे.

समविषमफील्ड:
न्यू जर्सीच्या टीव्हीचा मुद्दा मान्य. ५९.९४ च धरा. डिइंटरलेस न केलेली मूळ कॅप्चर मात्र पुसू नका.

चोकस्टार्टर:
मंगल कार्यालयाची लुकलुक ट्यूबलाइटची आहे. आपली वीज ५० हर्ट्झची, चोक लावलेली ट्यूब सेकंदाला १०० वेळा उजळते. ५९.९४ फील्डच्या कॅमेऱ्यात एका फील्डला दोन उजाळे मिळतात, पुढच्याला कमी, आणि हा क्रम जवळजवळ दर तीन फील्डांनी फिरून येतो. म्हणून सेकंदाला सुमारे २० वेळा लुकलुक दिसते. शूटिंगच्या वेळी शटर १/१०० ठेवलं असतं तर ती आलीच नसती.

आता उपाय डिइंटरलेस केल्यावर, ५९.९४ वर असतानाच करायचा. एफएफएमपेगच्या डीफ्लिकर (लुकलुक घालवणाऱ्या) फिल्टरला ३ किंवा ६ फ्रेमची सरासरी द्या. फ्रेमरेट आधी बदलला तर तीनचा क्रम मोडतो आणि फिल्टरला काही धरायलाच उरत नाही. खिडकीतून ऊन येत असेल तर तो भाग मास्कने वगळा, कारण तिथे लुकलुक नाही आणि फिल्टर ती उलटी निर्माण करेल. डाविंची रिझॉल्व्हच्या विकतच्या आवृत्तीतल्या डीफ्लिकरमध्ये ट्यूबलाइटसाठी वेगळा पर्याय आहे, तोही चांगला.

कॅसेटमाळ:
तिघांचेही आभार. एक एनटीएससी व्हीएचएसही सापडली आहे. इथल्या व्हीसीआरमध्ये लावली तर टीव्हीवर रंगीत दिसते, कॅप्चर कार्डात मात्र कृष्णधवल येते.

उलटाफीत:
तो व्हीसीआर पॅल-६० देतोय: ओळी ५२५, फील्ड ६०, पण रंग पॅलच्या ४.४३ मेगाहर्ट्झवर. कार्ड एनटीएससीच्या ३.५८ वर रंग शोधतंय. कार्डाच्या सेटिंगमध्ये पॅल-६० असेल तर तेच निवडा. नसेल तर खऱ्या एनटीएससी व्हीसीआरवरच वाजवा, एस-व्हिडिओची जागा असलेला मिळाला तर उत्तम. तो अमेरिकेचा असेल तर आधी मागची पट्टी वाचा: १२० व्होल्ट लिहिलं असेल तर स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागेलच. कॅप्चरनंतर काळा रंग करडा वाटला तर अमेरिकन एनटीएससीत काळं ७.५ आयआरईवर (सिग्नलची पातळी मोजायचं एकक) असतं, पॅलमध्ये शून्यावर. तेवढं लेव्हल्समध्ये खाली ओढा.