माणसाला व्यसनमुक्ती केंद्रात 'टाकतात' की 'दाखल करतात'?

धागाकर्ती: परवा सोसायटीच्या जिन्यात ऐकलेलं वाक्य: "शेवटी केंद्रात टाकला हो त्याला." याच गृहस्थांचं दोन वर्षांपूर्वी पित्ताशयाच्या खड्यांचं ऑपरेशन झालं, तेव्हा याच बाई "त्यांना ॲडमिट केलंय" म्हणाल्या होत्या. दारूचं कळल्यावर 'त्यांना'चं 'त्याला' झालं आणि क्रियापदही बदललं. 'टाकणे'ला हा अर्थ कुठून चिकटला असावा?

पेठकर: पोराला शाळेतही टाकतातच की. उगाच क्रियापदाला दोष नको.

खरी गंमत 'व्यसन'मध्ये आहे. संस्कृतात त्याचा अर्थ संकटसुद्धा. कौटिल्याच्या अर्थशास्त्राचं आठवं अधिकरण 'व्यसनाधिकारिक'. त्यात आग, पूर, रोगराई, दुष्काळ आहेत आणि मद्यपान, जुगारही आहेत. मराठीत येईतो संकट गळलं, खोड तेवढी उरली. पूरग्रस्ताला कुणी "तुझीच हौस" म्हणत नाही. बाकी 'तळीराम' तर गडकऱ्यांच्या नाटकातून उठून थेट नाकाबंदीच्या बातम्यांत जाऊन बसलाय.

धागाकर्ती: शाळेचं पटलं. पण शाळेत टाकताना पोराला तरी कोण विचारतं? तेच म्हणतेय मी. २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने दारू आणि अमली पदार्थांमुळे उद्भवणाऱ्या मानसिक अवस्थाही आजारात धरल्यात. म्हणजे हा रुग्ण, आणि त्याच्या संमतीला किंमत आहे. २०१९च्या राष्ट्रीय पाहणीत दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांमागे एकालाच काही उपचार मिळाल्याचं दिसलं. खाटा कमी, पैसे नाहीत, हे सगळं आहेच. पण घरातून निघतानाच 'टाकतायत' असं वाटलं तर कोण निघेल?

पेठकर: त्यात आपल्या पुण्यात पत्ताही नडतो. मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र १९८६ साली सुरू झालं ते येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात. आणि पुणेकराला "येरवड्याला नेतोय" म्हटलं की दोनच गोष्टी डोळ्यांपुढे येतात, दुसरी म्हणजे तुरुंग.

कोरा_चहा: मी अकरा वर्षं पीत नाही, म्हणून लिहितो. मला सगळ्यात नडला तो शब्द 'सोड'. "मनात आणलं तर सुटेल, सोड की!" म्हणून भावाने मला घरीच ठेवलं. तिसऱ्या दिवशी हात असे कापायला लागले की बशीतला चहा शर्टावर, आणि भिंतीवरून मुंग्यांची रांग चाललेली मला स्पष्ट दिसत होती. भिंत कोरी होती. रोज भरपूर पिणाऱ्याची एकदम बंद केली तर फिट येते, जीवही जाऊ शकतो, हे नंतर डॉक्टरांनी सांगितलं. औषधं देऊन, लक्ष ठेवून उतरवावी लागते ती. आमच्या घरात 'सोडणे' होतं, 'उतरवणे' हा शब्दच नव्हता.

आणि रजेच्या अर्जाचं राहिलं. महिनाभराच्या रजेला कारण काय लिहायचं यावर घरात दोन दिवस खल चालला होता. शेवटी 'कावीळ' लिहिलं. परत आलो त्या दिवशी ऑफिसातले चौघं माझ्यासाठी उसाचा रस घेऊन आले, बिनबर्फाचा. प्यायलो.