कीबोर्डची लांब बटणं उपटू नका
कीबोर्डची चिकट झालेली बटणं कशी साफ करायची, या प्रश्नावर ती काढून साबणाच्या पाण्यात टाकावीत असं काहींनी सुचवलंय ते बरोबरच, पण नेलपॉलिश रिमूव्हरने डाग काढायचा सल्लाही कुणी दिलाय, तो कृपया पाळू नका. त्यात बहुधा अ‍ॅसिटोन असतं आणि बऱ्याच कीबोर्डांची बटणं एबीएस नावाच्या प्लॅस्टिकची. अ‍ॅसिटोनने ते प्लॅस्टिक विरघळतं. कापसाला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पुसा, चिकट थर सहज निघतो.

स्पेसबार, एंटर, शिफ्ट यांच्याबद्दल मात्र कुणीच लिहिलेलं नाही. बऱ्याच कीबोर्डांत त्यांच्याखाली बारीक तार असते. जोरात उपटलं की तिचे हूक तुटतात. ही लांब बटणं जागेवरच ठेवून इअरबडने पुसलेली बरी. आणि सध्या तुमच्याकडे पावसाची रिपरिप असेल तर धुतलेली बटणं पंख्याखाली, पोकळ बाजू खाली करून, चांगले दोन दिवस ठेवा.