फोर्ट रॉबिन्सन: क्रेझी हॉर्स जिथे मारला गेला, तिथे सुट्टी घालवायला जायचं?

माळढोक:
अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्याच्या वायव्य कोपऱ्यात, रेड क्लाउड एजन्सीतल्या (मूलनिवासींना शिधा वाटायचं सरकारी ठाणं) लकोटा जमातीवर वचक ठेवायला १८७४ साली सैन्याने ही छावणी वसवली. आता तिथे स्टेट पार्क आहे. अधिकाऱ्यांची जुनी घरं भाड्याने मिळतात, घोडागाडीची फेरी होते, बायसन बघायला मिळतात. आणि इथेच ५ सप्टेंबर १८७७ ला लकोटांचा लढवय्या नेता क्रेझी हॉर्स याला कोठडीत डांबताना झटापट झाली, त्याला संगीन भोसकली आणि त्याच रात्री तो गेला. अशा जागी बार्बेक्यू लावून बसणं मला पटत नाही.

सडेतोड:
भाडेकरू नसते तर बघायलाही काही उरलं नसतं. दुसऱ्या महायुद्धानंतर सैन्य गेलं, जागा कृषी खात्याकडे आली. तिथे गुरांवर संशोधन सुरू झालं आणि नको त्या इमारती पाडायला घेतल्या! लोकांनी ओरड केली, तेव्हा कुठे १९५६ मध्ये संग्रहालय उघडलं. ती कोठडी नंतर पुन्हा उभारलेली आहे, तिथे कुणी मुक्काम करत नाही.

माळढोक:
आणि शायेन या दुसऱ्या मूलनिवासी जमातीची बराक? दक्षिणेतल्या ओक्लाहोमातून उत्तरेला घराकडे पळालेल्या, त्यांचा म्होरक्या डल नाइफ याच्या माणसांना तिथे कोंडलं होतं. परत दक्षिणेला जायला नकार दिला म्हणून जानेवारी १८७९ च्या कडाक्यात छावणीप्रमुख कॅप्टन वेसेल्सने अन्न आणि जळण तोडलं. त्यांनी बंदुका फरशीखाली दडवल्या होत्या, सुटे केलेले काही भाग तर पोरांच्या अंगावर दागिन्यांसारखे लटकवलेले. ९ तारखेच्या रात्री खिडक्यांतून उड्या मारल्या. पुढच्या दोन आठवड्यांत साठहून जास्त मारले गेले, त्यात बायकापोरंही. हे वाचून झोप लागते तुम्हाला?

गावकुसाबाहेरचा:
दोघेही १८७९ वरच अडकलात. नवव्या घोडदळाचे कृष्णवर्णीय सैनिक इथेच होते, महायुद्धात जर्मन कैदी होते, लष्करी कुत्र्यांचं प्रशिक्षण होतं. तेही सांगायला नको?

माळढोक:
सांगा की. पण सगळं एकाच रांगेत मांडलं की कत्तल आणि कुत्री शेजारीशेजारी येतात.

सडेतोड:
शायेनांचे वंशज दर जानेवारीत इथूनच मोंटानातल्या बस्बीपर्यंत सुमारे ४०० मैल धावत जातात. ‘पार्क बंद करा’ हे त्यांच्या वतीने आपण कशाला म्हणायचं?

माळढोक:
बंद करा म्हटलंच नाही. घराची किल्ली देताना बराकीची वाट दाखवा, एवढंच.

सडेतोड:
ते मान्य. भाडं मात्र चालू राहू द्या, छपरं गळतात हो.