'बॅड ज्यूज'मधल्या 'बॅड'चं मराठीत काय करायचं?

हडसनकाठ
आमच्या गावातल्या हौशी नाट्यगटाने यंदा जोशुआ हार्मनचं 'बॅड ज्यूज' बसवायला घेतलंय. मी नेपथ्याच्या टोळीत आहे, त्यामुळे संवाद जवळजवळ पाठ झालेत. मंडळाच्या अंकासाठी नाटकावर पानभर मराठीत लिहून द्यायचं कबूल केलं आणि शीर्षकापाशीच अडकले.

नाटक माहीत नसलेल्यांसाठी थोडक्यात. आजोबांच्या अंत्यविधीनंतरची रात्र, न्यूयॉर्कच्या अपर वेस्ट साइडवरचं एका खोलीचं घर. लायम आणि जोना हे दोघे सख्खे भाऊ, डॅफ्ना त्यांची नात्यातली बहीण आणि मेलडी ही लायमची मैत्रीण. भांडण आजोबांच्या गळ्यातल्या सोन्याच्या पदकावरून. नाझींच्या छळछावणीत त्यांनी ते जिभेखाली लपवून वाचवलेलं असतं. घरात धर्म पाळणारी आपण एकटीच, म्हणून डॅफ्नाला ते हवंय. लायमला हवंय कारण आजोबांनी आजीला अंगठीऐवजी हेच पदक देऊन मागणी घातली होती, आणि त्याला मेलडीला तशीच मागणी घालायचीय. मेलडी ज्यू नाही. एवढ्याशा खोलीत चौघं रात्रभर कोंडलेली, आणि तरी हे विनोदी नाटक आहे. अगदी खणखणीत विनोदी.

मी मथळा दिला होता 'वाईट यहुदी'. संपादकांचा फोन आला की असं छापलं तर लोकांना ते द्वेषाचं वाटेल. मला त्यांचं पटतं. पण मूळ शब्दप्रयोग तसा नाही. इथले अमेरिकी ज्यू स्वतःबद्दलच बोलता बोलता म्हणतात, "आयॅम अ बॅड ज्यू." योम किप्पूरचा, म्हणजे प्रायश्चित्ताच्या दिवसाचा, उपास केला नाही, नाश्त्याला बेकन म्हणजे डुकराचं मांस खाल्लं, सिनेगॉगमध्ये, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळात, वर्षात एकदाही फिरकले नाहीत, की म्हणतात. त्यात थोडा अपराधीपणा, थोडी ऐट, आणि 'तरी मी ज्यूच' हे ठाम. मराठीत 'वाईट माणूस' म्हटलं की तो दुष्टच होतो. मग काय लिहू?

तिसरी घंटा
'असले कसले ज्यू!'
विनोदी नाटकाचं नाव प्रेक्षकाला तिकीटखिडकीवर उच्चारता आलं पाहिजे, आणि उच्चारताना त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी उमटलं पाहिजे. इथे 'वाईट'ला प्रतिशब्द शोधूच नका, सूर शोधा. मूळ नावही सोपं गेलेलं नाही. २०१२ साली न्यूयॉर्कात नाटक आलं तेव्हा खपून गेलं, पण २०१५ मध्ये लंडनच्या भुयारी रेल्वेने त्याची भित्तिपत्रकं लावायला नकार दिला होता. भिंतीवर नुसते ते दोन शब्द वाचणाऱ्याला कोण कुणाला म्हणतंय ते कळत नाही. उद्गारचिन्ह दिलंत की निदान कुणीतरी बोलतंय एवढं कळतं.

अक्षरबाग
'असले कसले' छान आहे, पण पुढचा शब्द 'ज्यू' का? मराठीत 'यहुदी' असताना इंग्रजीची ही उसनवारी कशाला? मराठी बायबलमध्ये येशूच्या वधस्तंभावर 'यहूद्यांचा राजा' लिहिलंय, 'ज्यूंचा राजा' नाही. शब्द रुळलेला आहे, विभक्ती घेतो, कानाला भारदस्त लागतो. 'बॅड'साठी म्हणाल तर 'धर्मबुडवे' हा तयार शब्द आहे. धर्मबुडवे यहुदी. अनुप्रास नाही, पण वजन आहे.

तिसरी घंटा
'धर्मबुडवे' ही सनातन्यांनी सुधारकांना दिलेली शिवी. ती दुसऱ्याला देतात. सकाळी बेकन खाताना स्वतःला कोणी धर्मबुडवा म्हणवून घेत नाही.
आणि 'ज्यू'ला विभक्ती लागत नाही कुठे? साधूंचा, भिक्षूंचा, तसाच ज्यूंचा.

अष्टागर
दोन्ही शब्द पाहुणे आहेत. मूळ एकच, यहूदा. एक अरबी-फारसीच्या वाटेने आपल्याकडे आला, दुसरा लॅटिन-फ्रेंचातून इंग्रजीत आणि तिथून आपल्याकडे. आधी आलेला तो घरचा आणि नंतरचा तो उपरा, असं कसं ठरवायचं?

आमच्याकडे अलिबाग-रेवदंड्याच्या पट्ट्यात हे दोन्ही शब्द कधी कुणाच्या तोंडात नव्हते. अलिबागला इस्रायल आळी आहे, कोकणातल्या ज्यूंची. जुनी माणसं 'शनवार तेली' म्हणायची, कारण तेलाचा घाणा चालवणारे हे लोक शनिवारी, त्यांच्या विश्रांतीच्या दिवशी, बैल सोडून ठेवायचे. नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटलं आणि सात पुरुष, सात बायका वाचल्या ही कथा आमच्या शाळेतल्या प्रत्येक पोराला पाठ होती. आडनावं किहीमकर, चेऊलकर, दिवेकर. ज्या भाषेत या लोकांसाठी आपला स्वतःचा शब्द आहे, तिने इंग्रजी किंवा फारसीच्या दारात का जावं?

हडसनकाठ
अष्टागर, माहिती सुंदर आहे, पण माझी डॅफ्ना न्यूयॉर्कची आहे. तिचे पूर्वज पूर्व युरोपातले. तिला 'शनवार तेली' म्हटलं तर वाचकाला ती थेट नवगावला उतरल्यासारखी वाटेल.

'असले कसले ज्यू' मला आवडलंय, पण तो आरोप आहे. डॅफ्ना लायमला म्हणेल तसा. मला हवंय ते आपण आपल्याला म्हणायचं.

कॅम्पवासी
'बाटगे'चा कुणी विचार केला का? लहान, ठसठशीत, नाटकाच्या जाहिरातीत उठून दिसेल.

अष्टागर यांच्या मुद्द्याला पुण्याची पुस्ती. कॅम्पातल्या ओहेल डेव्हिड सिनेगॉगला आम्ही 'लाल देऊळ' म्हणतो. रिक्षावाल्याला दुसरं काही सांगून पाहा, तो नेणार नाही. डेव्हिड ससूनने बांधायला घेतलं, त्याच्या मृत्यूनंतर १८६७ मध्ये पुरं झालं, त्याची कबरही त्याच आवारात आहे. लाल विटांचं, मनोरा असलेलं, म्हणून आधी लोकांना चर्चच वाटतं. तरी नाव पडलं देऊळ. लोकांनी कोश न उघडता शब्द ठरवला.

तिसरी घंटा
'बाटगे' मुळीच नको. बाटणं म्हणजे दुसऱ्या धर्मात जाणं किंवा नेलं जाणं. या नाटकात कुणी बाटलेलं नाही. वादच मुळी असा आहे की काहीही केलं, काहीही खाल्लं, कुणाशीही लग्न केलं तरी माणूस ज्यू राहतो का, आणि राहत असेल तर कशाच्या जोरावर.

घंटाळी
बराच वेळ वाचतेय. आता लिहिते, कारण हे आमच्याबद्दल चाललंय. मी ठाण्याची, बेने इस्रायल, म्हणजे कोकणातल्या त्याच मराठी ज्यूंपैकी.

आमच्या घरात 'यहुदी' हा शब्द मी कधीच ऐकला नाही. आजी म्हणायची, "आपण इस्रायल लोक." 'यहुदी' मुद्दाम टाळला जायचा, असं आमच्यातले जाणते सांगतात. मुसलमान शेजाऱ्यांमध्ये तो शब्द चांगल्या अर्थाने घेतला जात नसे म्हणून. तेव्हा अक्षरबाग, ज्याला तुम्ही भारदस्त म्हणताय तो आमच्या कानाला परका आहे. 'शनवार तेली'ही आम्ही स्वतःला म्हणत नव्हतो, गाव आम्हाला म्हणायचं. काहींना त्यात अभिमान वाटतो, माझ्या आजीला वाटत नसे. ती म्हणे, "तेल काढणं सुटून पिढ्या गेल्या, नाव काही सुटत नाही."

आणि 'बॅड ज्यू'बद्दल. खरा कोण, खोटा कोण, हा प्रश्न आमच्या समाजाला कागदावर विचारला गेलाय. इस्रायलला गेलेल्या आमच्या लोकांची लग्नं लावण्याआधी त्यांच्या आई-आजीपर्यंतचं मूळ तपासावं, असे आदेश तिथल्या धर्मपीठाने साठच्या दशकाच्या सुरुवातीला काढले. लोकांनी जेरुसलेममध्ये धरणं धरलं. शेवटी १९६४ साली तिथल्या संसदेला सांगावं लागलं की बेने इस्रायल सर्वार्थाने ज्यू आहेत. आमच्या कोकणातल्या बायका कोळणीने पाटी उतरवायच्या आधी विचारायच्या, "खवल्याचं काय आहे?" कोळंबी आणि शिंपल्या दारातूनच परत. मटणाला नारळाचं दूध, दही कधीच नाही. खाण्यापिण्याचे एवढे धर्मनियम पिढ्यान् पिढ्या सांभाळलेल्या लोकांना पुरावा मागितला गेला. त्यामुळे 'असले कसले ज्यू' वाचून मला हसू येत नाही. तो प्रश्न आम्हाला खरोखर विचारलाय.

तिसरी घंटा
घंटाळीताई, हे वाचल्यावर माझी सूचना मी जोरात पुढे रेटणार नाही. पण मागेही घेत नाही. नाटकात डॅफ्नाही त्याच धर्मपीठासारखी वागते, भावाचं ज्यूपण तपासत बसते. त्या प्रश्नाने टोचावं, हेच नाटकाला हवंय.

अक्षरबाग
ताई, तुमच्या घरच्या वापराबद्दल पूर्ण आदर. पण समाज स्वतःला काय म्हणतो आणि भाषा त्याला काय म्हणते, या दोन गोष्टी आहेत. जर्मन माणूस स्वतःला जर्मन म्हणत नाही, तरी आपण म्हणतो. 'बेने इस्रायल' हे एका समाजाचं नाव. जगभरातल्या सगळ्यांसाठी सामान्यनाम लागतंच, आणि ते 'यहुदी' आहे.

घंटाळी
मग ते सामान्यनाम 'ज्यू' का नको? मराठी वर्तमानपत्रं 'ज्यू' लिहितात, आम्ही स्वतः आज 'ज्यू' म्हणतो. ज्यांचं नाव आहे त्यांना चालतंय, आणि हरकत तुम्हाला आहे.

हडसनकाठ
ताई, तुम्ही आहात म्हणून दुसरा अडथळाही विचारून घेते. त्या पदकावर हिब्रूत 'जिवंत' या अर्थाचा शब्द आहे. हेत आणि योद ही दोन अक्षरं. त्यांची किंमत आठ आणि दहा, मिळून अठरा, म्हणून ज्यू लोक आहेराची रक्कम अठराच्या पटीत देतात. इंग्रजीत तो शब्द आपल्या 'चाय'सारखा लिहितात आणि अंकाच्या जुळणीत तसाच 'चाय' होऊन आला. 'खाय' लिहिलं तर मालवणी वाटतं. 'हाय' लिहिलं तर कुणी उसासा टाकल्यासारखं.

घंटाळी
'हाय' लिहा. हा निर्णय मराठीने केव्हाच केलाय. आमच्यात हाईम नाव असतं, आमच्या समाजाचा इतिहास लिहिणारे किहीमकर हाईम सॅम्युएलच होते. हाईम म्हणजे जीवन, त्याच धातूपासून. आम्ही कुणी त्यांना 'खाईम' म्हटलं नाही की 'चाईम' म्हटलं नाही.

अष्टागर
फार नेमकं! आणि 'पदक' म्हणू नका, पदक स्पर्धेत मिळतं. 'ताईत' म्हणा. आजोबांनी जिभेखाली धरलेला, आजीच्या गळ्यात घातलेला. 'गळ्यातला ताईत' म्हटलं की मराठी वाचकाला पुढचं सांगावंच लागत नाही.

अक्षरबाग
ताईत मंतरलेला असतो, आत कागद किंवा राख असते. हा दागिना आहे. 'पदक' हा दागिन्याचाच जुना शब्द, माळेच्या मध्ये लोंबतं ते पदक. स्पर्धा नंतर आल्या. शिवाय 'ताईत' अरबीतून आलाय, तो चालतो आणि फारसीतला 'यहुदी' चालत नाही, हे काही कळलं नाही.

अष्टागर
मी 'यहुदी' फारसी म्हणून नको असं कुठे म्हटलं? दोन्ही पाहुणे आहेत, एवढंच म्हटलं.

लाल देवळावरून आठवलं. कोकणात सिनेगॉगला 'मशीद' म्हणत. मुंबईत मांडवीला सॅम्युएल स्ट्रीटवर १७९६ सालचं शार हारहमीम आहे, त्याला समाजात 'जुनी मशीद' म्हणतात. मस्जिद बंदर स्टेशनचं नाव त्यावरूनच.

कॅम्पवासी
त्या भागात मुसलमानांच्या मशिदी काय कमी आहेत? स्टेशनचं नाव सिनेगॉगवरूनच पडलं, हे कशावरून?

अष्टागर
सॅम्युएल स्ट्रीट हाच पुरावा. सिनेगॉग बांधणाऱ्या दिवेकरांचंच नाव त्या रस्त्याला आहे. रस्त्याला मिळालं तर बंदराला का नाही?

कॅम्पवासी
रस्त्याला व्यक्तीचं नाव मिळालं, वास्तूचं नाही. हा पुरावा अर्धाच आहे.

घंटाळी
'मशीद' आमच्याकडे म्हणतच होते, त्यात शंका नको. सणांची नावंही सगळी मराठीच होती. रोश हशानाला, म्हणजे ज्यू नववर्षाला, नव्याचा सण, पुरीमला होळीचा सण, योम किप्पूरला दारफाळणीचा सण आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी शिळा सण. हडसनकाठ, तुमच्या लेखात 'योम किप्पूर' आलं तर शेजारी 'दारफाळणी' लिहाल का? न्यूयॉर्कच्या घरात कुणी तसं म्हणत नसेल, पण वाचणारे मराठी आहेत. त्यांना कळू दे की या दिवसाला आपल्या भाषेत नाव आहे.

हडसनकाठ
नक्की लिहीन, आणि तुमच्या समाजाचा आहे हेही लिहीन. पण 'फाळणी' कशी? फाळणी म्हणजे तर वाटणी.

अष्टागर
फळी! जुन्या घरांना, दुकानांना दाराऐवजी उभ्या फळ्या सरकवून लावत. दार फळ्यांनी बंद करणं, ती दारफळणी. त्या दिवशी दारं लावून दिवसभर उपास करत घरात बसायचं. बरोबर बसतं.

अक्षरबाग
फळीपासून 'फळणी' होईल, 'फाळणी' नाही. इथे आकार कुठून आला? आणि दार 'फळणं' असं क्रियापद कोकणात कुणी वापरताना ऐकलंय का? ऐकलं असेल तर पूर्ण वाक्य द्या.

घंटाळी
क्रियापद मी ऐकलेलं नाही. सणाचं नाव मात्र आजी 'दारफाळणी' असंच म्हणायची, आकारासकट. तिच्या माहेरी, पेणच्या बाजूला, काही बायका 'दारफळणी' म्हणत. त्यातलं मूळ कुठलं हे तिलाही सांगता येत नसे.

अष्टागर
पेणकडच्या कुणी असेल तर इथे लिहा. आमच्या आळीतल्या एका आजोबांना रविवारी विचारून येतो, त्यांच्या लहानपणी शेजारी इस्रायलांची चार घरं होती.