शब्दचर्चा: आवरणे, लावणे, शिस्त, वळण

प्रश्न

'ऑर्गनाइज्ड' माणसाला मराठीत नेमकं काय म्हणावं? रोजच्या कामाच्या सवयींवर एक माहितीपत्रक मराठीत करायचं आहे. कोशात व्यवस्थित, नीटनेटका, टापटीप, शिस्तबद्ध, पद्धतशीर, संघटित असे पर्याय दिसतात. हे एकमेकांच्या जागी चालतात का? आणि क्रियापद कोणतं घ्यावं, 'आवरणे' की 'लावणे'?

प्रतिसाद १

'संघटित' आधी वगळा. कामगार संघटित होतात, कपाट होत नाही, आणि एकटा माणूस तर नाहीच. 'शिस्तबद्ध' शब्दात रांग, संचलन, पथक यांची छटा आहे, त्यामुळे टेबलाच्या खणाला तो जड होतो. 'पद्धतशीर' काम करण्याच्या रीतीला लागतं, वस्तूंच्या स्थितीला नाही.

उरले तीन. टापटीप म्हणजे डोळ्यांना दिसते ती. कपडे, खोली, टेबलाचा वरचा भाग यांना ती शोभते. नीटनेटकेपणात दिसण्याबरोबर करण्याची रीतही येते. अक्षर नीटनेटकं असतं, हिशेबाची वही नीटनेटकी असते. यातल्या 'नेटका'ला जुना आधार आहे. दासबोधाच्या बाराव्या दशकाची सुरुवातच 'आधी प्रपंच करावा नेटका' अशी होते. तिथे नेटका म्हणजे नुसता दिसायला चांगला नव्हे, तर नीट चालवलेला.

'व्यवस्थित'चा गाभा मात्र जागेचा आहे. वि, अव आणि स्था हे त्याचे घटक. वेगवेगळं करून आपापल्या ठिकाणी उभं केलेलं, असा अर्थ निघतो. भगवद्गीतेच्या पहिल्या अध्यायात (श्लोक २०) 'अथ व्यवस्थितान् दृष्ट्वा धार्तराष्ट्रान्' असं येतं. कौरवांचं सैन्य आपापल्या जागा धरून उभं आहे, हे अर्जुनाला दिसतं. स्वच्छतेचा तिथे काही संबंध नाही.

हा फरक तुमच्या पत्रकात यायलाच हवा. खोली टापटीप असून अव्यवस्थित असू शकते, कारण सगळं खणात कोंबून वरून चादर नीट केली की टापटीप होते. व्यवस्थितपणाची परीक्षा वेगळी. वस्तू कुठे आहे हे फोनवरून दुसऱ्याला एका वाक्यात सांगता आलं आणि त्याला ती पहिल्या प्रयत्नात सापडली, तर घर व्यवस्थित आहे. 'तिथेच कुठेतरी बघ' हे उत्तर आलं, तर नाही.

प्रतिसाद २

क्रियापदांबद्दल लिहितो, कारण खरी गोम तिथे आहे.

'आवरणे' किती ठिकाणी येतं पाहा. पसारा आवरणे. 'आवर लवकर, उशीर होतोय.' हसू आवरेना. राग आवरणे. भाषण आवरतं घेणे. या सगळ्यांत पसरलेलं, सुटलेलं काहीतरी हद्दीत परत आणलं जातं. म्हणजे आवरणे ही परत आणण्याची क्रिया आहे, आणि परत आणायला मुळात जागा ठरलेली असावी लागते. ती जागा ठरवणं म्हणजे 'लावणे'. कपाट लावलं, पुस्तकं लावली, घर लावलं. लावणं एकदा होतं, आवरणं रोज.

रोज अर्धा तास आवरूनही दुसऱ्या दिवशी तीच स्थिती होत असेल, तर बहुतेक वेळा लावायचं राहून गेलेलं असतं. जागा न ठरलेली वस्तू आवरताना माणूस ती एका ठिकाणाहून उचलून दुसऱ्या ठिकाणी ठेवतो, इतकंच. यालाच आपण 'तात्पुरतं ठेवलंय' म्हणतो.

लावण्याचा क्रम थोडक्यात असा. एका वेळी एकच खण किंवा एकच फळी घ्यायची आणि ती पूर्ण रिकामी करायची. आतल्या आत सरकवून लावू नये, कारण तसं केलं की जुनीच मांडणी कायम राहते. बाहेर काढलेल्याचे गट करायचे, पण ते प्रकारापेक्षा कामावरून करायचे. पाकिटं, तिकिटं, डिंक आणि पेन हे चार प्रकार असले तरी पत्र पाठवणं हे काम एकच, म्हणून ती एकत्र. मग जागा द्यायची. रोजच्या वस्तू कमरेपासून खांद्यापर्यंतच्या उंचीत, जड वस्तू खाली, वर्षातून एकदा लागणाऱ्या सगळ्यात वर. फळी काठोकाठ भरायची नाही. चौथा भाग मोकळा ठेवला, तर वस्तू परत ठेवताना दुसरी हलवावी लागत नाही.

सगळ्यात जास्त चुकतं ते पुढे. काढायला सोपी जागा सगळे शोधतात. परत ठेवायला सोपी आहे का, हे कोणी पाहत नाही. वस्तू हवी असते तेव्हा माणूस तीन हालचाली आनंदाने करतो: खुर्ची ओढतो, डबा उतरवतो, झाकण उघडतो. काम झाल्यावर मात्र त्याच तीन हालचाली नकोशा होतात आणि वस्तू टेबलावर राहते. म्हणून रोजच्या वस्तूचा डबा बिनझाकणाचा ठेवा. कात्री एका हाताने, एका हालचालीत परत जायला हवी. 'आवरायचा कंटाळा' म्हणून जे म्हटलं जातं, त्यातला बराच भाग या झाकणांचा असतो.

तिसरं क्रियापद 'मांडणे'. पट मांडतो, डाव मांडतो, पसाराही मांडतो. कामासाठी वस्तू उघड्यावर आणणं म्हणजे मांडणं, आणि त्यात गैर काही नाही. मांडणे, करणे, आवरणे हा एकाच कामाचा क्रम आहे. तासाभराच्या कामातली शेवटची पाच-सात मिनिटं आवरण्याची धरली नाहीत, तर ते काम अपुरंच धरावं.

प्रतिसाद ३

वरच्याला जोड. 'पसारा' आणि 'अडगळ' हे शब्द पत्रकात वेगळे ठेवा. पसारा म्हणजे कामाच्या वस्तू चुकीच्या जागी. अडगळ म्हणजे काम संपलेल्या वस्तू, मग त्या कितीही छान रचून ठेवलेल्या असोत. पसारा आवरतो, अडगळ आवरत नाही, ती काढावी लागते. अडगळीला नवे डबे आणि कप्पे देणं हा सर्रास होणारा घोटाळा आहे. त्याने ती आणखी पक्की होते.

कारखान्यांतल्या 'फाईव्ह एस' पद्धतीत म्हणूनच निवड आधी आणि मांडणी नंतर येते. पाच जपानी शब्द आहेत: सेइरी (निवड), सेइतोन (मांडणी), सेइसो (सफाई), सेइकेत्सु (ठरवलेली रीत सगळीकडे सारखी ठेवणं) आणि शित्सुके. निवडीत ज्या वस्तूबद्दल खात्री नसते, तिला लाल चिठ्ठी लावतात. चिठ्ठीवर तारीख घालून वस्तू एका वेगळ्या जागी हलवतात. ठरलेल्या मुदतीत, बहुतेकदा महिनाभरात, कोणी ती मागितली नाही तर तिथून काढतात. घरीही हे जमतं, पण दोन अटींवर. चिठ्ठीवर तारीख हवीच, आणि ती जागा एकच हवी. तारीख नसेल तर ती नवी अडगळीची खोली होते.

मांडणीत अवजारांच्या फळीवर प्रत्येक अवजाराची बाह्यरेषा रंगवतात. पाना परत आला नाही तर पान्याच्या आकाराची रिकामी जागा समोर दिसते, मोजदाद करावी लागत नाही. किल्ल्या, चार्जर, कात्र्या यांना हे तंतोतंत लागू पडतं. प्रत्येकीला एक खूण केलेला हुक द्यायचा, आणि हुक वस्तूंपेक्षा जास्त ठेवायचे नाहीत.

पाचवा शब्द मुद्दाम शेवटी ठेवला. शित्सुकेचं भाषांतर सगळीकडे 'शिस्त' असं होतं. मला ते अर्धवट वाटतं. जपानीत शित्सुके म्हणजे लहान मुलांना बसण्या-उठण्याची, बोलण्याची रीत लावणं. लिहिताना 'शरीर' आणि 'सुंदर' या दोन खुणा मिळून एक अक्षर होतं. कपडा शिवण्याआधी घालायच्या कच्च्या टाक्यांनाही हाच उच्चार आहे. मराठीत याला शब्द आहे, 'वळण'.

प्रश्नकर्ता

मग 'शिस्त' कुठे वापरायची? पत्रकाच्या शीर्षकातच तो शब्द आहे.

प्रतिसाद ४

शीर्षकात असू द्या, फक्त तो काय सांगतो ते पाहून वापरा.

'शिस्त' फारसीतून आला, आणि मुळात तो नेमबाजीतला आहे. उर्दूत 'शिस्त बांधना' म्हणजे नेम धरणं. जुन्या मराठी कोशांतही शिस्तचा 'नेम' हा अर्थ दिलेला आहे. पुढे तो अर्थ मागे पडून सुव्यवस्था, नियमितपणा हा अर्थ रूढ झाला. आता 'नेम' घ्या. तो 'नियम'वरून आला, म्हणजे त्याचा प्रवास बरोबर उलटा झाला. आधी नियम, मग निशाणा. आज 'नेम चुकला' हे वाक्य गोळी हुकल्यावरही चालतं आणि रोजचं वाचन राहिल्यावरही. 'त्याचा काही नेम नाही' म्हणजे तो कधी काय करेल सांगता येत नाही.

'अनुशासन' हा पर्यायही कोणी सुचवेल. संस्कृतात त्याचा जुना अर्थ शिकवण, उपदेश. पतंजलीचं 'अथ योगानुशासनम्' या अर्थाने आहे. मराठीत रोजच्या सवयींना तो उपरा वाटतो.

आता वापर. शिस्त 'लावतात', 'पाळतात' आणि 'मोडतात'. म्हणजे तिच्यात बाहेरचा नियम आणि तो मोडण्याची शक्यता कायम असते. वळण 'लागतं' किंवा 'पडतं', आणि एकदा पडलं की मोडायलाच कष्ट पडतात. आपण 'अंगवळणी पडलं' म्हणतो तेव्हा ती कृती विचार न करता होते. शिस्त ही सुरुवातीची अवस्था आणि अंगवळण ही नंतरची, असा क्रम पत्रकात ठेवला तर वाचणाऱ्याला किती दिवस नेट लावायचा आहे, हे कळेल.

ते दिवस किती, यावर 'एकवीस दिवस' हा आकडा फार फिरतो. त्याचा उगम मॅक्सवेल माल्ट्झ या प्लास्टिक सर्जनच्या १९६० सालच्या लेखनात आहे. रुग्णांना नव्या चेहऱ्याची सवय व्हायला किमान एकवीस दिवस लागतात, अशी ती नोंद होती. 'किमान' हा शब्द वाटेत गळला. युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनमधल्या संशोधकांनी ९६ जणांवर १२ आठवडे अभ्यास केला आणि तो २०१० साली प्रसिद्ध झाला. त्यात एखादी कृती आपोआप होऊ लागायला लागलेल्या दिवसांचा मध्यक, म्हणजे चढत्या क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा, ६६ आला, आणि माणसामाणसांत १८ ते २५४ दिवस इतका फरक दिसला. २५४ हा आकडा १२ आठवड्यांच्या पलीकडचा आहे, तो आलेख पुढे वाढवून काढलेला अंदाज आहे. पत्रकासाठी त्याहून कामाची गोष्ट म्हणजे मधला एखादा दिवस चुकल्याने फारसा फरक पडला नाही. 'खंड पडला, आता सगळं पहिल्यापासून' हे म्हणणं निराधार आहे.

नेम लिहिताना वाक्य कसं करायचं, तेही सांगा. 'रात्री साडेनऊला उद्याचे कपडे काढायचे' यापेक्षा 'दात घासल्यावर उद्याचे कपडे काढायचे' जास्त टिकतं. घड्याळाकडे लक्ष असावं लागतं, दात घासणं मात्र स्वतःच आठवण करून देतं. मराठीतलं '-ल्यावर' हे रूप यासाठी तयारच आहे. फक्त आधीची कृती रोज न चुकता होणारी हवी. 'वेळ मिळाल्यावर' व्याकरणात त्याच घाटाचं आहे, पण त्यात धरण्यासारखी घटनाच नाही.

प्रतिसाद ५

उलट बाजूचे शब्दही द्या, प्रत्येकावर उपाय वेगळा आहे.

चालढकल म्हणजे काम पुढे ढकलत राहणं. बहुतेक वेळा पहिली पायरी स्पष्ट नसते म्हणून ती होते. दिरंगाई म्हणजे नुसता उशीर. कारण काहीही असू शकतं, फाईल कोणाकडे अडली आहे ते शोधावं लागतं. टाळाटाळ दुसऱ्या माणसाला उत्तर न देण्याची. टंगळमंगळ करणारा जागेवर हजर असतो, काम पुढे जात नाही. हयगय म्हणजे काम होतं, पण लक्षपूर्वक होत नाही.

चालढकलीवर पहिला उपाय यादीच्या भाषेत आहे. यादीत 'बँक' असं नाम लिहिलं की ते दहा दिवस तिथेच राहतं, कारण दर वेळी वाचताना काय करायचं ते नव्याने ठरवावं लागतं. 'पत्ता बदलण्याचा अर्ज भरायचा, सोबत ओळखपत्राची प्रत जोडायची' असं लिहिलं की हात लगेच कामाला लागतो. ओळीत एक क्रियापद हवं आणि ते एका बैठकीत होणारं हवं. 'घर लावायचं' यात क्रियापद आहे, पण एका बैठकीतलं नाही. 'दारामागचा खण लावायचा' असं लिहा.

दोनेक मिनिटांत होणारं काम यादीत घालूच नये, ते 'हातासरशी' करावं. पत्रकात हा शब्द नक्की घ्या. हात त्या कामाला लागलेलाच आहे, तेवढ्यात उरकून टाकायचं, हे सगळं त्या एका शब्दात आहे.

प्रतिसाद ६

संगणकावरच्या फायलींबद्दल कोणी लिहिलं नाही. तारीख वर्ष-महिना-दिवस अशीच घालावी: २०२४-०३-०५. आयएसओ ८६०१ हे तारीख लिहिण्याचं आंतरराष्ट्रीय प्रमाण तेच सांगतं. नावं डावीकडून एकेक चिन्ह पाहून लावली जातात. दिवस आधी लिहिला की सगळ्या महिन्यांच्या एक तारखा शेजारी येतात. क्रमांकही ०१, ०२ असे दोन अंकी ठेवावेत, नाहीतर काही ठिकाणी १०, २ च्या आधी जाऊन बसतो. आणि 'अंतिम' हा शब्द फाईलच्या नावात नकोच. 'अंतिम नवीन' येतेच मागून. त्याऐवजी आवृत्तीचा आकडा द्या.

प्रश्नकर्ता

आभार. शेवटचं एक: 'टापटीपने' की 'टापटिपीने'?

प्रतिसाद १

'टापटिपीने'. टापटीप स्त्रीलिंगी आहे, म्हणून सामान्यरूप 'टापटिपी-', आणि उपान्त्य दीर्घ 'टी' ऱ्हस्व होते, जसं 'गरीब'चं 'गरिबाला'. 'तो टापटीप राहतो' असं क्रियाविशेषणासारखं वापरलं तर मात्र रूप बदलत नाही. 'नीटनेटका'मधली 'नी' नेहमी दीर्घच, 'नीटनेटक्या'तही.