अनुभव धागा: बर्फाळ मुलुखात परसातलं खुराडं

कॅल्गरीची परसबाग
मंडळी, आमच्या कॅनडातल्या कॅल्गरीत 2022 पासून घराच्या परसात कोंबड्या पाळायला रीतसर परवाना मिळतो. कोंबडा मात्र चालत नाही. कागदपत्रं झाली, आता खुराडं बांधायचंय. कोकणात आजीकडे दिवेलागणीला कोंबड्या डालग्याखाली डालल्या की काम संपायचं. इथे जानेवारीत पारा उणे 30 गाठतो. थंड मुलुखात ज्यांनी कोंबड्या सांभाळल्यात त्यांनी लिहा. पुस्तकी माहिती ढिगाने वाचून झालीय, मला "आम्ही असं बांधलं आणि हिवाळ्यात असं झालं" हे हवंय. जात कुठली घेतली? हीटर लावता का? पाण्याचं काय करता?

मिनियापोलिसकर
ताई, हीटर नंतर. आधी झरोके कुठे ठेवणार ते ठरवा, भिंती मागाहून.

कोंबडीचं अंग मुळातच 41 अंशांच्या आसपास गरम, वर पिसांचा थर. कोरडी थंडी ती सहज काढते. तिला नडतो तो ओलावा. रात्रभर बंद खुराड्यात श्वासाची वाफ, शिटेतलं पाणी, सगळं हवेत साठतं, तुऱ्यावर बसतं आणि गोठतं. तुऱ्याची टोकं आधी फिकी पडतात, मग काळी होतात, शेवटी गळून जातात. शेजाऱ्यांनी जाड थर्माकोल लावून, फटी बुजवून हवाबंद पेटी केली होती. त्यांच्या कोंबड्यांचे तुरे काळे पडले. आमच्या खुराड्याच्या भिंती साध्या प्लायच्या आहेत, पण छपराखाली समोरासमोर लांबट झरोके आहेत. आमच्या कोंबड्यांचे तुरे शाबूत.

झरोका दांड्यावर बसलेल्या कोंबडीच्या डोक्याच्या बराच वर हवा. त्याखाली फट नको, थेट झोत अंगावर येता कामा नये. सकाळी दार उघडायच्या आधी काचेकडे बघा. आतून बर्फाची नक्षी असेल तर झरोके कमी पडतायत. दुसरी परीक्षा नाकाची. उभ्याने नाही, कोंबडी बसते त्या उंचीला वाकून हुंगा. अमोनिया झोंबला तर हवा खेळत नाहीये.

दांड्यासाठी दोन बाय चार इंचांची लाकडी पट्टी घ्या आणि रुंद बाजू वर ठेवा. कोंबडी त्यावर पंजे पसरून बसते आणि पोटाची पिसं बोटांवर पडतात. बारीक गोल दांडीवर बोटं खालून उघडी राहतात. लोखंडी पाइप तर नकोच.

जागा आत पक्ष्यामागे 4 चौरस फूट आणि बाहेर 10, असं सगळे सांगतात. मी म्हणेन आत थोडी जास्तच द्या. बर्फावर पाय ठेवायला कोंबड्यांची तयारी नसते. दारात उभ्या राहून बाहेर बघतात आणि परत फिरतात. मग दाटीवाटीत एकमेकींची पिसं उपटतात.

क्वेबेकचा कोंबडीवाला
जातीबद्दल. शांतक्लेर मिळाली तर घ्या. इथल्याच ओका गावच्या मठात ब्रदर विल्फ्रिड शातलँ यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ही जात कॅनडाच्या थंडीसाठी तयार केली. तुरा इवलासा, चपटा, गळ्याखालचे लोंबही नावापुरते. म्हणजे गोठायला फारसं काही शिल्लकच नाही. वायंडॉटही चालते, तिचा तुरा डोक्याला चिकटून असतो. लेगहॉर्न अंडी भरपूर देते, पण तो भलामोठा तुरा उणे 30 मध्ये सांभाळत बसावं लागेल.

निफाडचा द्राक्षवाला
उणे 30 वगैरे वाचून हसू आलं, आमच्याकडे पारा 5 च्या खाली आला की द्राक्षबागेत शेकोट्या पेटतात. पण मिनियापोलिसकर म्हणतात ते तंतोतंत खरं. थंडी पडली की लोक शेडला चहूबाजूंनी गोणपाट बांधतात, आणि चार दिवसांत आत डोळे चुरचुरायला लागतात. आमचे वडील पडदा खालून बांधायचे, वरचा हातभर भाग उघडाच.

व्हर्मॉंटवाली
आम्ही खाली गादी पद्धत ठेवतो. पाइनच्या लाकडाचे रंध्याचे छिलके जाड पसरायचे, ओलं दिसलं की वर नवीन थर, अधूनमधून खालीवर करायचं. खालचा थर कुजताना थोडी ऊबही देतो. वसंतात सगळं उपसून खताच्या ढिगात. गादी ओली असेल तर मात्र काही उपयोग नाही, नुसता वास.

हीटरचं: उष्णतेचा लाल दिवा अजिबात नको. 250 वॅटचा दिवा, खाली सुके छिलके, हवेत पिसांची धूळ. दर हिवाळ्यात अशी आग लागल्याच्या बातम्या येतात. शिवाय सवय लागलेल्या कोंबड्या वीज गेली की एका रात्रीत गारठतात.

जाळी अर्ध्या इंचाच्या चौकोनांची, वेल्ड केलेली घ्या. षट्कोनी जाळी कोंबडीला आत ठेवते, पण रकूनला, म्हणजे इथल्या मांजराएवढ्या शिकारी प्राण्याला, बाहेर ठेवत नाही. वीझल तर, आपल्या मुंगसाहून बारीक प्राणी, इंचभर फटीतून शिरतो. जाळीचा फूटभर पदर बाहेरच्या बाजूला जमिनीत आडवा पुरा, आणि हे जमीन गोठायच्या आत उरका. नोव्हेंबरात जमिनीत कुदळ शिरत नाही.

न्यूयॉर्कच्या उत्तरेकडून
दिव्याबाबत सहमत. पण म्हाताऱ्या किंवा पिसं झडलेल्या कोंबड्यांसाठी आम्ही भिंतीला कमी वॅटची, विजेवर तापणारी सपाट पट्टी लावतो. ती खोली तापवत नाही. ज्या कोंबडीला हवं ती जाऊन टेकते. सरसकट "हीटर नकोच" म्हणणं मला पटत नाही.

ट्रोंडहाइमकर
आमच्याकडे नॉर्वेत थंडीपेक्षा अंधार मोठा. डिसेंबरात उजेड जेमतेम साडेचार तास, आणि अंडी चालू राहायला 14 ते 16 तास लागतात. टायमरवर छोटा बल्ब लावायचा तर पहाटे लावा. संध्याकाळी तो पटकन बंद झाला तर कोंबड्या दांड्यावर चढायच्या आत अंधारात अडकतात. आम्ही लावत नाही, हिवाळाभर त्यांना सुट्टी. सासूबाईंना हे अजून मान्य नाही, "खायला घालता आणि अंडं नाही?"

पाण्याला आम्ही रबरी घमेली वापरतो, दोन. एक आत, एक घरात. गोठलेलं उलटं करून पायाने दाबलं की बर्फाची चकती सुटते, घमेलं फुटत नाही. वीज असेल तर भांड्याखाली ठेवायची गरम थाळी मिळते. पाणी शक्यतो खुराड्याबाहेर, छपराखाली ठेवा. आत सांडलं की पुन्हा ओलावा.

लेथब्रिजचा काका
पोरी, तू अल्बर्टात आहेस म्हणून एक जास्तीचं. चिनूक. हा वारा सुटला की पारा काही तासांत 20 अंशांनी वर जातो, छपरावरचं बर्फ धो धो वितळतं आणि रात्री परत सगळं गोठतं. त्या दिवशी दुपारी दारं सताड उघडून ओली गादी काढून टाकायची, संध्याकाळवर ढकलायचं नाही. वारा पश्चिमेकडून येतो, म्हणून दार दक्षिणेला किंवा आग्नेयेला. छपराची पागोळी दारासमोर पडणार नाही असा उतार मागे काढ, नाहीतर सकाळी दार गोठून बसेल आणि तू केटली घेऊन उभी. आणि झरोक्याला बाहेरून छोटी पडवी लाव, इथलं बर्फ आडवं येतं.